सुताराच्या पट्टीवरची बाई

हातमोज्यांच्या त्या कारखान्यात बायकांना नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. शिवणखात्यात बारा टेबलं, बारा बायका. जिचं जे टेबल तेच तिचं नाव. पहिली, दुसरी, तिसरी. नव्या बाईला आठवडाभर चुकल्यासारखं व्हायचं, आणि मग एक दिवस असा यायचा की घरी कुणी खऱ्या नावाने हाक मारली तरी ओ द्यायला तिला वेळ लागायचा. पाचवीचंही तसंच झालं होतं. नवरा गेला तेव्हा लेक सहा वर्षांची होती, आणि त्याच महिन्यात ती पाचव्या टेबलावर येऊन बसली.

मोजे जाड चामड्याचे, भट्टीवर आणि वेल्डिंगवर काम करणाऱ्यांसाठी. आधी चार बोटं शिवायची, मग अंगठा लावायचा, मग मनगट. अंगठा लावणं सगळ्यांत अवघड. तिसरीला बोलायची हौस भारी, ती म्हणायची, "दुसऱ्यांच्या हाताला चटका बसू नये म्हणून आपण आपले हात झिजवायचे. पुण्य म्हणतात ते हेच, बायांनो."

टेबलांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. कारखाना उघडला तेव्हा एकच मशीन होतं आणि एकच बाई. लहानपणी झाडावरून पडून तिचा डावा पाय दोन बोटं आखूड राहिलेला, आणि उजवं कोपर पुरतं सरळ होत नसे. पण हात असा, की चामडं तिच्यापुढे लोण्यासारखं वळायचं. तिला सोसेल असं टेबल कर, असं मालकाने सुताराला सांगितलं. सुताराने एक लाकडी पट्टी घेतली, बाईला बसवलं आणि पट्टीवर करवतीने खाचा पाडल्या. बैठक इथवर, कोपर इथे, पायडल इतकं पुढे आणि इतकं आत. टेबल असं जमलं की बाई दिवसाला दुप्पट मोजे शिवू लागली. मालक खूश झाला आणि त्याच पट्टीवरून त्याने आणखी अकरा टेबलं करून घेतली. पुढे मशिनं बदलली, मालकाचा मुलगा मालक झाला, सुताराचा मुलगा सुतार झाला. त्याला सगळ्या सुतारमामा म्हणत. पट्टी मात्र तीच राहिली.

पाचवीने त्या मूळच्या पहिलीला चारच महिने पाहिलं. तोवर ती म्हातारी झाली होती. दोन आखूड पावलं टाकायची आणि तिसरं ओढायची. सुईत दोरा ओवताना जीभ गालात दाबून धरायची, जणू आत लिमलेटची गोळी आहे. मग ती वारली. तिच्या जागी दुसरी कुणी आली आणि तिलाही पहिलीच म्हणू लागले.

टेबलावरचं पहिलं वर्ष वाईट जाई. डावा खांदा भरून यायचा, कमरेत कळ, रात्री कुशीवर वळता यायचं नाही. दुसऱ्या वर्षी दुखणं कमी व्हायचं, तिसऱ्या वर्षी थांबायचं. "सरावलं गं अंग," असं म्हणत बायका एकमेकींचं कौतुक करत.

एकदा लेक बाजारातून घरी आली ती घुश्शातच. पिशवी आपटत म्हणाली, "आई, मी अर्धा रस्ता एका बाईच्या मागून 'आई, आई' करत गेले. वळून बघितलं तर ती सातवी! सातवी तुझ्यापेक्षा वीतभर ठेंगणी आहे, आणि मला मागून कळलंच नाही."

"लक्ष नसेल तुझं."

"लक्ष होतं. तुम्ही सगळ्या सारख्या चालता."

पाचवी हसली. कारखान्यात हा विनोद जुनाच होता. आठवीच्या नवऱ्याने एकदा फाटकाशी भलत्याच बाईच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि वर्षभर बायकांनी त्याला सळो की पळो करून सोडलं होतं. पण त्या रात्री भांडी घासून झाल्यावर पाचवी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. टाचा टेकवल्या, डोकं टेकवलं. उजवा खांदा भिंतीला टेकला. डावा टेकेना.

त्याच वर्षी कामगारांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या सरकारी खात्यातून एक बाई आल्या. कारखान्याच्या डॉक्टरांनी लिहून कळवलं होतं, की शिवणखात्यातल्या प्रत्येक बाईचं दुखणं एकाच जागी असतं. बाई तरुण होत्या, चष्मेवाल्या, हातात टेप आणि वही. त्यांनी एकेकीला बसवून मापं घेतली. बसल्यावर खांदा किती उंचीवर, कोपर किती, गुडघा किती, पाऊल किती आत. पहिलीचं लिहिलं, दुसरीचं लिहिलं. तिसरीला मापल्यावर त्या थांबल्या आणि टेप उलटसुलट करून बघू लागल्या. सहावीपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला.

"तुम्ही नात्यातल्या आहात का सगळ्या? बहिणी वगैरे?"

"बहिणीच की," तिसरी म्हणाली. "एका आईच्या नाही, एका स्टुलाच्या."

बायका खो खो हसल्या. मापवाल्या बाई हसल्या नाहीत. अकरा जणींचा डावा खांदा उजव्यापेक्षा तेवढाच खाली होता, एका बोटाचाही फरक नाही. उंच बाई, ठेंगणी बाई, जाडी, किडकिडीत. बसल्या की एकच आकडा. सात महिन्यांपूर्वी आलेल्या अकरावीचा तेवढा निम्म्यावर होता.

"आणि दोरा ओवताना सगळ्या जीभ गालात का धरता?" बाईंनी विचारलं.

हसणं थांबलं. कुणाला ते ठाऊकच नव्हतं. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. दहावी, अकरावी, बारावी या तर म्हातारीच्या मागून कितीतरी वर्षांनी आलेल्या. त्यांनी तिला पाहिलंही नव्हतं. पाचवी तेवढी खाली मान घालून बसली. टेबलाच्या उंचीने खांदा उतरतो हे समजण्यासारखं होतं. पण जीभ?

बाईंनी कागदावर लिहून दिलं, की प्रत्येक कामगाराला तिच्या स्वतःच्या मापाचं टेबल मिळालं पाहिजे. मालकाने सही केली. चांगला माणूस होता, टाळाटाळ केली नाही. सुतारमामा आला. तोही प्रामाणिक. बापाची पट्टी बाजूला ठेवून त्याने बारा नव्या पट्ट्या घेतल्या आणि बारा जणींना एकेक करून बसवलं. ती जशी बसली तशी मापली, कोपर जिथे आलं तिथे खाच पाडली.

पंधरा दिवसांनी बारा कोरी टेबलं आली. बायका बसल्या आणि सगळ्यांनी एकदमच सुस्कारा सोडला.

"अगदी अंगाबरोबर झालंय हो, मामा," दुसरी म्हणाली.

"होणारच. तुमच्याच मापाचं आहे."

जेवणाच्या सुट्टीत पाचवीने सहज जुन्या पट्टीशेजारी नवी पट्टी ठेवून बघितली. मग दुसरी ठेवली. मग तिसरी. खाचेला खाच भिडत गेली. तिने मामाला बोलावलं. पट्ट्या बघून मामा जमिनीवरच बसला.

"मी खरंच एकेकीला मापलं गं," तो म्हणाला. "तुझी शपथ."

"तुम्ही बरोबरच मापलं, मामा. मापाला बसलं कोण, ते बघा."

तोवर कागदावर 'टेबले बदलली' असा शेरा पडला होता आणि मापवाल्या बाईंची दुसरीकडे बदली झाली होती.

पुढच्या वर्षी आठवीचे गुडघे गेले आणि तिने काम सोडलं. सुपरवायझरने पाचवीला विचारलं, "तुझी लेक मोठी झाली ना? हात चांगला आहे म्हणतात. बसव की आठव्यावर." घरी येऊन सांगते तोच लेकीने टाळी वाजवली. तिला काम हवंच होतं. शाळा संपल्यापासून घरात बसून ती कंटाळली होती.

पाचवीने मात्र ताट बाजूला सारलं. लेक उंच होती, आजी तिला प्रेमाने जिराफ म्हणायची. मान वर, हात मोकळे, आणि रस्ता आपल्या बापाने बांधून ठेवल्यासारखी लांब टांगा टाकत चालायची. विचारात पडली की कानाची पाळी चोळायची. बाप गेल्यावर त्या घरात जे काही सरळ उरलं होतं ते या मुलीचं चालणं. ती शाळेतून यायची तेव्हा पाचवी खिडकीत उभी राहायची ती ते बघायलाच. दोन वर्षांत ही पोर खांदा टाकून, पाय ओढत येणार, आणि आपल्याला ते नवलाचंही वाटणार नाही, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला.

ती तडक सुतारमामाकडे गेली.

"एक टेबल माझ्या लेकीच्या मापाचं करा. तिने जुन्यावर एक दिवसही बसायच्या आधी."

"एकच वेगळं दिसेल. साहेब ओरडतील."

"सरकारी कागद आहे ना? तो दाखवा. आणि मामा, ती आत्ता जशी आहे तशी मापा. आज मापा."

मामाने मापलं. पोर हसत होती, तिला गुदगुल्या होत होत्या.

आठवं टेबल इतरांपेक्षा चार बोटं उंच झालं. लेक त्यावर ताठ बसायची. महिना गेला, तीन गेले, सहा गेले. खांदा नाही दुखला, कंबर नाही दुखली. दोरा ओवताना जीभ गालात गेली नाही. पाचवी रोज तेवढं बघून घ्यायची. संध्याकाळी लेक फाटकातून निघाली की तिचं डोकं सगळ्यांच्या वर दिसायचं, पाण्यावर बगळा असावा तसं. पाचवीला वाटलं, जिंकलो आपण.

चांगली गोष्ट लपत नाही, हेच वाईट झालं. सहा महिन्यांत आठवीने एक खाडा केला नाही, आणि मोजे सगळ्यांपेक्षा जास्त. सुपरवायझरने मालकाला सांगितलं, मालकाने सुतारमामाला बोलावलं. "आठवीचं टेबल सगळ्यांत चांगलं जमलंय. त्याच पट्टीवरून बाकीची अकरा करून टाक."

मामाने पाचवीला निरोप धाडला. ती धावत ऑफिसात गेली. "साहेब, तिचं माप तिला. आम्हाला आमचं द्या."

"अगं, तुमच्या भल्याचंच आहे," मालक म्हणाला. "तुझ्या पोरीला त्रास नाही, मग तुम्हाला कसा होईल? पाठी सरळ होतील तुमच्या."

आणि खरंच झाल्या. सुरुवातीला दोन महिने हाल झाले. बायका रडल्या, शेक घेतला, तिसरीने सुताराच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग हळूहळू दुखणं कमी झालं. एके सकाळी दुसरी ओरडली, "बाई गं! पदर खांद्यावर राहतोय माझ्या!" वर्षानुवर्षं तिचा पदर डाव्या खांद्यावरून घसरायचा. बायका एकमेकींच्या पाठी चाचपून बघू लागल्या. पाचवीने घरी भिंतीला पाठ लावली, आणि दोन्ही खांदे टेकले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीच्या गालावरून हात फिरवून तिने कडाकडा बोटं मोडली. "तुझ्यामुळे झालं हे. बायका दुवा देतात तुला."

लेक कानाची पाळी चोळत राहिली.

एके दिवशी नववी अंगठा लावताना अडली तेव्हा तिने हात वर नेला आणि कानाची पाळी चोळली. पाचवीने ते पाहिलं आणि तिच्या पायडलवरचा पाय थांबला. नववी साठीला आलेली बाई; जन्मात तिने कधी कान चोळला नव्हता. आठवडाभरात चौथी चोळू लागली. मग बारावी. कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

एका संध्याकाळी लेक कारखान्यातून एकटीच पुढे निघून आली. घरी आली तेव्हा धापा टाकत होती. दाराला कडी लावून दाराशीच उभी राहिली.

"काय झालं गं?"

"आई, माझ्या मागून मी चालत होते."

"म्हणजे?"

"पावलं ऐकू येत होती. माझी. मी थांबले की थांबायची नाहीत. मग मी पानाच्या टपरीआड उभी राहिले. एकेक बाई पुढून गेली. मान वर, हात हलवत." तिचा आवाज चिरकला. "सगळ्यांत शेवटी तू गेलीस. मला वाटलं, तू तरी तुझ्यासारखी चालशील."

पाचवीने तिला पाण्याचा पेला दिला. "अगं, सरळ झाल्या बिचाऱ्या. चांगलं घेतलं तर काय बिघडलं? दिव्याने दिवा लागतो, त्याने पहिला विझतो का?"

"मला माहीत नाही. पण मी चालायला लागले की मला वाटतं, मी कुणाची तरी नक्कल करतेय."

त्यानंतर ती नीट चालेना. रस्त्यात मध्येच थांबायची, पाऊल कुठे टाकू असं झाल्यासारखी खाली बघायची. कधी मुद्दाम छोटी पावलं, कधी उड्या. लोक हसू लागले. महिनाअखेर तिने काम सोडलं आणि दुसऱ्या शहरात कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात गेली. हॉस्पिटलांच्या चादरी, हॉटेलांचे पडदे. वाफेची इस्त्री, दिवसभर उभं काम. पाचवीने अडवलं नाही. डबा भरून दिला आणि गाडी सुटल्यावर घरी आली. आठव्या टेबलावर सोमवारी नवी मुलगी बसली. पाऊण वर्षात तीही मान वर करून चालू लागली.

लेकीचा फोन रविवारी यायचा. बरी आहे, खोली बरी आहे, मैत्रिणी बऱ्या आहेत. सुट्टी मिळत नव्हती. अशी दीड वर्षं गेली. पाचवीला लेकीची फार आठवण आली की ती सुट्टीच्या वेळी मशीन पुसायच्या निमित्ताने मागे राही, आणि खिडकीतून फाटकाकडे बघे. अकरा जणी ओळीने बाहेर पडत. उन्हं कलती असली आणि तोंडं दिसत नसली की मन भरेपर्यंत बघता यायचं. हे चांगलं नाही, असं तिला वाटायचं. पण ती बघायची.

एके दिवशी ती अशीच शेवटी बाहेर पडली. फाटकाशी अंधुक उजेडात एक बाई उभी होती. एक खांदा पुढे आलेला, सगळा भार डाव्या पायावर, उजवं पाऊल किंचित उचललेलं, खाली काहीतरी दाबायचं असावं तसं. कुणाच्या तरी घरून आली असेल, असं म्हणून पाचवी तिच्या बाजूने पुढे गेली. दहाएक पावलं गेली असेल.

मागून आवाज आला, "आई?"

पाचवी वळली. त्या बाईच्या चेहऱ्यावर लेकीचे डोळे होते. लेक तिच्याकडे बघत होती, पण ओळख पटल्यासारखी नव्हे. आधीच्या अकरा जणींनाही तिने असंच निरखलं असणार.

"बारा जणी गेल्या," लेक म्हणाली. "मी प्रत्येकीला सोडून दिलं. तुलाही सोडलं होतं. मग वाटलं, शेवटची आहे, हीच असणार."

पाचवीने तिला जवळ घेतलं. पोरीचा पुढे आलेला खांदा तिच्या छातीला टोचला. उजवं पाऊल मिठीतही वर-खाली होत होतं. "हे थांबत नाही का गं?"

"काय?"

"हे पाऊल."

लेकीने खाली पाहिलं. तिला ते माहीतच नव्हतं. "वाफ सोडायचं पायडल असतं तिथे," ती म्हणाली. "उभ्याने दाबायचं."

दोघी घराच्या रस्त्याला लागल्या. लेक एका पायावर टेकत, दुसरा हलकेच टेकवत चालत होती. पाचवीला ते बघवेना.

"ऐक माझं," ती म्हणाली. "मी पुढे होते. तू माझ्या पायांकडे बघ आणि तसं टाक. तुझंच आहे ते. मी जपून ठेवलंय."

रस्त्यावर वर्दळ नव्हती. पाचवी पुढे झाली. मान वर, हात मोकळे, लांब टांग. ती मागे न बघता मोजत होती. एक, दोन, तीन. आधाराला बोट दिलं नव्हतं, एवढंच; बाकी लेक वर्षाची असताना तिला अंगणात चालवताना तिचा जीव असाच वर-खाली झाला होता. मागून पावलं येत होती. चार पावलं जमली. पाचवं जमलं. सहाव्याला घसट ऐकू आली, मग पावलं थांबली. मग पुन्हा पहिल्यापासून. तीनदा झालं. कोपऱ्यापर्यंत जाईतो लेकीला घाम फुटला होता आणि ती कमरेवर हात देऊन उभी होती.

"अगं, कंबर सैल सोड. तू अशीच चालायचीस. आठवत नाही?"

लेक आईच्या पायांकडे बघत राहिली. एखाद्या परक्या घरात शिरल्यावर माणूस भिंतींकडे बघतं तशी. तिने आठवून बघितलं, हे पाचवीला दिसत होतं. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"राहू दे आई," ती म्हणाली. "तुलाच शोभतं ते."